टॅब स्वच्छ करून ठेवलेत

टॅबताई हे काही तिचं नाव नव्हे, ते शाळांतल्या शिपायांनी पाडलेलं. वीस टॅबची पेटी चाकांवर ओढत ती फाटकात दिसली की शिपाई आत वर्दी द्यायचा, "आली हो टॅबताई!" आणि त्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला नेमकं तेव्हाच काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

तिचं काम काय, तर चित्रकलेच्या शिक्षकांना टॅबवर चित्र काढायला शिकवायचं आणि त्यांनी ते वर्गात न्यावं म्हणून हात धुऊन मागे लागायचं. सहा वर्षं हेच चाललेलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! एका शाळेत टॅब कपाटात कुलूपबंद, कारण "पोरं फोडतील". दुसरीत चित्रकलेच्या बाईंकडे गणित दिलेलं. तिसरीत टॅब हातात धरून फोटो काढला की झालं, टॅब परत पेटीत. आई म्हणायची, "लोकांच्या पोरांना रेघा शिकवत गावभर हिंडतेस. तुझी स्वतःची चित्रांची वही शेवटची कधी उघडलीस गं?" टॅबताई पेटीची चाकं पुसायला घ्यायची. उत्तर दोघींना ठाऊक होतं.

त्यात यंदा ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून घेतलं. "तीन आठवड्यांनी, सोमवारी, मला एका तरी शाळेतल्या मुलांची चित्रं दाखवा. शिक्षकानं स्वतः घेतलेल्या तासाची हं, तुम्ही शेजारी उभं राहून काढून घेतलेली नकोत. नाहीतर योजना बंद. टॅब हजेरी भरायला वाटून टाकू."

खरा तास म्हटल्यावर तिला एका शाळेतले चित्रकलेचे म्हातारे मास्तरच आठवले. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांचा वर्ग म्हणजे जिन्याशेजारची लांबट खोली, कोपऱ्यात नळ आणि मोरी. मास्तरांचा नियम एकच, पण पोलादी. तास संपला की ब्रश धुवायचे, रंगाच्या ताटल्या धुवायच्या, पाण्याचे डबे पालथे घालायचे. पुढच्या वर्गाला खोली कोरी मिळाली पाहिजे. घाणेरडा ब्रश ठेवून जाणाऱ्याची खैर नसायची.

"ताई, हे लचांड माझ्या गळ्यात नका हो मारू," मास्तर म्हणाले. "जाता जाता पोरांसमोर शोभा व्हायची."

पण तिनं सोडलं नाही. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर दोघं बसायचे. चुकलं की मास्तर जीभ चावायचे, आणि जमलं की कुणी पाहिलं का म्हणून हळूच इकडेतिकडे बघायचे. एक गोष्ट मात्र काही केल्या डोक्यात शिरेना, ती म्हणजे चित्र जपून कसं ठेवायचं. "आणि राहिलं नाही तर? पोरांची मेहनत मातीत जाईल." ते इतके धास्तावले की घोडं आता इथेच पेंड खाणार, असं तिला वाटलं. म्हणून ती बोलून गेली, "अहो मास्तर, कशाला जिवाला घोर लावून घेता? चित्र झालं की आपोआप ऑफिसात पोचतं."

पोचतं, खरं आहे. शाळेत इंटरनेट असेल तर! तिथे ते नव्हतं आणि तिला ते चांगलं माहीत होतं. टॅब आपणच न्यायचेत, तिकडे चित्रं उतरवून घेऊ, हा तिच्या मनातला हिशेब. म्हाताऱ्याला एवढं सगळं कशाला सांगत बसायचं!

शुक्रवारी मास्तरांनी तास घेतला. ती आत गेली नाही, खिडकीतूनच पाहिलं. विषय होता 'घरातली खिडकी'. चाळीस पोरं, दोघांत एक टॅब, पाळीपाळीनं. एका मुलीनं खिडकीशी बसलेल्या आजोबांची नुसती पाठ काढली होती. मास्तर तिच्या मागे उभे राहून ती पाठ बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच टॅबताईला भरून आलं.

शनिवारी सकाळी ती पेटी न्यायला आली, तर मास्तर दारातच.

"मोजून घ्या ताई, वीसच्या वीस. आणि स्वच्छ करून ठेवलेत हं."

"काच पुसलीत होय?" ती हसत म्हणाली.

"काच तर पुसलीच, आतलंही पुसलं. काल शाळा सुटल्यावर दोन तास बसलो. एकेक करत चाळीसच्या चाळीस चित्रं पुसली. ऑफिसात पोचलीच होती ना! मग बघतो तर खाली ती कचऱ्याची पेटी, सगळं तिच्यात पडलेलं. म्हटलं, छे, हे कसलं स्वच्छ! तीही रिकामी केली. कुणाला विचारलं नाही, माझं मी शोधून काढलं."

तिनं एक टॅब उघडला. दुसरा उघडला. सातव्यानंतर उघडायचं थांबवलं.

"ते पाठमोऱ्या आजोबांचं चित्र बघितलंत ना?" मास्तर विचारत होते. "अडतीस वर्षांत असं काम माझ्या वर्गातून गेलं नव्हतं. साहेब काय म्हणाले?"

सांगावं? जीभ माझी घसरली, आणि शिक्षा ह्यांना? ह्यांनी तर आयुष्यभर केलं तेच केलं.

"म्हणाले, फार छान आहे."

मास्तरांनी एप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी. "मग पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या तुकडीचा घेऊ?"

"घेऊ की," ती म्हणाली.

त्यांनी शाळेची वही पुढे केली. तिनं सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"लिहा ना," मास्तर म्हणाले, "सर्व टॅब स्वच्छ मिळाले."

तिनं लिहिलं.