आप्पांच्या वाटणीची अळणी

भानामती, भूतबाधा असल्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, लाज वाटतेय...

गेल्या वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, न्यूमोनियाने आयसीयूत होते. राजारामपुरीतलं हॉस्पिटल. व्हेंटिलेटर, शुद्ध नाही, नाकातून नळी. आई गुडघ्यांमुळे घरीच. पण आजारी माणसाला मटणाची अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, पाजल्याशिवाय ताकद येत नाही, हे तिचं ठाम मत. रोज दुपारी थर्मास भरून माझ्या हातात.

डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवलं. "अहो, या पाण्यात प्रोटीन कितीसं असणार? एवढ्या आजारात शरीर स्वतःचेच स्नायू खातं. त्यांना प्रोटीनचं फीड मोजून चाललंय. बाहेरचं काही नको."

पटलं मला. आप्पांच्या दंडाची नुसती कातडी लोंबत होती. पण घरी आईने उंबऱ्यातच विचारलं, "दिलंस न्हवं त्यास्नी? मग बसती जेवाय."

ती उपाशी राहील म्हणून हो म्हणालो. इथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या दिवशी अळणी ओतून द्यायला जीव होईना, म्हणून हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मीच प्यायलो. मग रोजच. खोटं कशाला सांगू — दुपारची वाट बघायला लागलो. आत बाप झिजतोय आणि मी बाहेर बोटं चाटतोय! एकदा अळणी तळाला लागली होती, करपट वास येत होता. तीही सोडली नाही. कुणाला बोललोही नाही.

आप्पा वाचले. घरी आल्यावर आईने कौतुकाने वाटी पुढे केली. "हिच्यावरच उठून बसलासा तुम्ही."

आप्पांनी एक घोट घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "ह्येला दे. जिन्यात बसून रोज ह्योच पीत हुता की. करपल्याली सुदिक सोडली न्हाय."

आई हसली... मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं.

जिना दाराआड, आयसीयूपासून पार दुसऱ्या टोकाला. थर्मास आत कधी गेलाच नव्हता. मला तिथे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे एकदा धीर करून आप्पांना विचारलं. म्हणाले, "मला काय ठावं? दुपारचं तोंडाला चव यायची. मग तू दिसायचास." डॉक्टरांनाही विचारून झालं. अजून कुणाला काही सांगता आलेलं नाही.

आई आता आप्पांना साधं पाणी द्यायचं असलं तरी गुडघे धरत स्वतः उठते. मी शेजारीच बसलेलो असतो. माझ्या हातात देत नाही.