करताना की करवून घेताना

धायरीहून बसने मी रोज ज्या छोट्या खासगी संग्रहालयात कामाला जाते, त्याचे मालक जुनी छापील चित्रं जमवतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. मुलाखतीत माझ्या शाळेचं नाव ऐकून ते म्हणाले, "वा, म्हणजे इंग्रजी तुझ्याकडे. मराठीला हात लावू नकोस." मी मान हलवली. ते मला चांगलं जमतं.

यंदा प्रदर्शनाच्या तोंडावर मराठी पाट्या लिहिणाऱ्या बाई आजारी पडल्या आणि एक पाटी माझ्या वाट्याला आली. चित्र एका मिशनऱ्याचं. खाली इंग्रजीत छापलेलं, की तो धर्मग्रंथाचं चिनी भाषांतर करतो आहे. मी बराच वेळ बघत राहिले. मिशनरी काळ्या झग्यात, खुर्चीत ऐसपैस, नजर आपल्याकडे. हातात काही नाही. शेजारी एक चिनी गृहस्थ वाकून कुंचल्याने लिहितोय, दुसरा पुस्तक उघडून त्याला दाखवतोय. मी लिहिलं: 'धर्मग्रंथाचे चिनी भाषांतर करवून घेताना मिशनरी, दोन सहाय्यकांसह.'

सर हसले. मग सगळ्यांना बोलावून पुन्हा हसले.

"बाळ, 'करताना' म्हणतात. तुमच्या शाळेत क्रियापदं नव्हती का?"

"पण सर, तो लिहीत नाहीये."

"मोठी माणसं लिहीत नसतात. सांगतात. पाटी बदल."

तेव्हा ते मला प्रदर्शनाची प्रस्तावना सांगत होते. सांगत होते म्हणजे, "सुरुवातीला काहीतरी छान घाल आणि खाली माझं नाव," इतकंच.

माझं मराठी वाक्य पहिल्यांदाच कुठल्या भिंतीवर लागणार होतं. ते तसंच लागावं, एवढंच मला हवं होतं. मी पाटी बदलली नाही. विचारलंच तर विसरले म्हणणार होते. सर पाहुण्यांच्या शाली मोजत होते, त्यांनी विचारलं नाही.

उद्घाटनाला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका त्या चित्रापाशी थांबल्या.

"ही पाटी कुणी लिहिली?"

तो आवाज ऐकून सर धावत आले. "का हो? काही चुकलं का?"

"अहो, चित्र बघून लिहिलीय कुणीतरी! 'करवून घेताना'. अगदी बरोबर."

सरांनी पाटी वाचली. माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे शब्दाशब्दावर खल होतो," ते नम्रपणे म्हणाले. "मीच म्हटलं, 'करवून घेताना'च हवं."

"मी लिहिली," मी म्हणाले.

"मग पुटपुटतेस काय?" बाईंनी चष्मा वर करून पाटीला जवळजवळ नाक लावलं. "'साहाय्यक' हवं. 'स'चा काना राहिलाय."

"हो ना," सर लगेच म्हणाले, "हिनेच लिहिलीय. इंग्रजी शाळेतली आहे."

बाईंनी त्यांच्याकडे न बघता पर्समधलं पेन माझ्यापुढे धरलं. "दे काना. तुझीच पाटी ना?"

सगळ्यांच्या देखत मी काना दिला. थोडा तिरकाच आला.