आक्का आणि माझं पासबुक

"दार लाव. आता वाच."

बेलापूरला आक्काकडं खोली मागायला गेलेल्या माणसाला आधी हे ऐकावं लागायचं. वाचायचं काय, तर स्वतःचं पोस्टाचं पासबुक. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ज्याचं त्यानंच वाचायचं. घरमालकांच्या चौकशा तुम्हीही सोसल्या असतील, पण आपल्या कफल्लकपणाचं आपल्याच तोंडानं पारायण करायला लावणारी घरमालकीण तुम्ही पाहिली नसेल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी पाटबंधारे खात्यात कारकून होऊन तिथं गेलो. कालवा माझ्याच हुकमावर वाहतो, अशी माझी समजूत होती. त्याच ऐटीत आक्काच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. ती गोधडी शिवत होती. तिनं सुई पदराला टोचली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत नेलं.

"शिल्लक एकोणीस रुपये," मी जमेल तितक्या भारदस्त आवाजात वाचलं.

"मागल्या म्हयन्यात किती काढलं?"

"चाळीस. बूट घेतले."

"का? पाय भाजत हुतं?"

"तसं नाही, ऑफिसात जरा..."

"घरी किती धाडतो? सोसायटीचं देनं हाय का? भनी किती उजवायच्या ऱ्हायल्या? बिडी वडतो?"

नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मला एवढं कुणी विचारलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. "आक्का, मी खोली मागायला आलोय, तुमची मुलगी नाही!"

"दिली बी नसती," ती शांतपणे म्हणाली. "खोली देते. सामान आन."

पुढंही दर दोन-तीन महिन्यांनी दार लावून वाचन व्हायचंच. माझी खात्री होती, की ही बाई माझी शिल्लक गावभर सांगत असणार. वाण्यानं उधारी नाकारली, की मी आक्काच्या नावानं बोटं मोडायचो. वाण्याला माझं तोंड बघूनच सगळं कळत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यातच तिसगावची सोयरीक निघाली. मुलगी मी एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिली होती. तिनं मला न विचारता दुसऱ्यांदा जिलबी वाढली आणि मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून मोकळा झालो. बोलणं सुरू व्हायच्या आधीच निम्म्या ऑफिसला सांगूनही टाकलं. ही मुलगी मिळाली नाही तर जगून काय करायचं, इथपर्यंत मजल गेली होती. मध्यस्थ माझा मामा. त्यानं मुलीच्या वडिलांना सांगितलं, की पोराचे हजारभर रुपये पोस्टात नुसते पडून आहेत.

पोस्टात तेव्हा तेरा रुपये होते.

एका रविवारी मुलीचे वडील आले ते माझ्याकडं नाही, आक्काकडं. मुलाची खरी हकिकत घरमालकाकडं मिळते, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या आणि माझ्या खोलीमध्ये एक पातळ भिंत होती. मी तिला कान लावून उभा राहिलो.

"पोरगं कसं हाय?"

"हाय की. दिसतंय तसंच हाय."

"पोस्टात हजार रुपये हायेत म्हन्त्यात. तुमी म्हनं भाडेकऱ्याचं पासबुक बगता."

"बगते."

"मंग किती हायेत?"

संपलं, मी म्हटलं. एका शब्दात ही बाई माझं वाटोळं करणार.

"ते न्हाई सांगायची."

"आवं, पोरगी द्यायचीय मला!"

"तुमी द्या न्हाईतर नका देऊ. माज्या घरात ऱ्हानाऱ्याला मी समदं इचारते. पन इचारलेलं ह्या उंबऱ्याभाईर जात न्हाई. उद्या तुमची पोरगी हितं नांदाया आली, तर तिचं बी जायचं न्हाई."

पलीकडं कपबशा वाजल्या. पाहुणे चहा घेऊन मला न भेटताच एसटीला निघून गेले. दोन दिवस मी मामाला आणि आक्काला पाळीपाळीनं शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पसंत.

लग्नानंतर मी बायकोला ऐटीत विचारलं, "तुझ्या वडिलांनी माझ्यात पाहिलं तरी काय?"

"तुमच्यात?" ती हसू दाबत म्हणाली. "तुमचं त्यांना काहीच कळलं नाही. घरी येऊन म्हणाले, पोराचं सांगता येत न्हाई, पन घरमालकीन लाखात एक हाय. तिच्या शेजारी आपल्या पोरीला भ्या न्हाई."

म्हणजे पसंत पडली होती आक्का. मी आपला खोलीबरोबर आलेलं सामान!

लग्न झाल्यापासून आक्कानं माझं पासबुक मागणं बंद केलं होतं. "आता तिची ती बगंल," म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, वाईट वाटलं. दुपारी त्या दोघी दार लावून तास न् तास बोलायच्या. कधी हसणं ऐकू यायचं, एकदा बायको हुंदके देत होती. काय झालं विचारलं, तर दोघीही मला चहा विचारायच्या.

पुढं माझी भंडारदऱ्याला बदली झाली. आक्का गेल्याचं पत्र तिथंच आलं. बायको पत्र मांडीवर घेऊन चुलीपुढं बसून राहिली. मी आपला, तिचं वय झालं होतं, हाल झाले नाहीत, असं काहीबाही बोलत होतो.

"कुणाला बोलले नाही असं कितीतरी आक्कापाशी बोलले होते," ती म्हणाली. "आता कुणापाशी बोलू?"

"मला सांग की."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, मायेनंच पाहिलं.

"तुमच्या पोटात काही राहतं का हो?" असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि चुलीत लाकूड सारलं.

खरंच होतं ते. नाहीतर आज तुम्हाला हे सगळं सांगत बसलो असतो का?