रहेमतभाईंची फूक

कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, ह्यांची आंघोळ चालली होती आणि माझी तव्यावरची पोळी उलटायची होती, तेवढ्यात दार वाजलं. कडी नाही, तळहातानं ठोकलेलं. दारात शेजारची जहांआराभाभी. पदर खांद्यावर पडलेला, तिला भान नव्हतं.

"ताई, भाऊले गाडी काढाले लावा. यायच्या तोंडातून लाळ थांबून नाही राह्यली. घामानं गादी ओली झाली."

तिचा नवरा रहेमतुल्ला, आमच्या अमडापुरात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. पत्र्याचं दुकान, खोक्याखोक्यांत वॉशर, नळ्या, स्प्रिंगा. कपाशी-सोयाबीनच्या दिवसांत दारासमोर पंपांची रांग. नोझल तुंबलं तर तार घालायचे नाहीत; भोक मोठं होतं म्हणायचे. ओठाला लावून फुंकायचे. नेहमीचे गिऱ्हाईक पुंजाजी चारचौघांत म्हणायचे, "रहेमतभाईची फूक म्हंजे कंपनीची गॅरंटी!"

"तुह्या डोक्यात मारू का बे एक फूक? तिथंबी तुंबलंच हाय," रहेमतभाई म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

आदल्या दिवशी फवारणीच्या औषधानं अर्धा भरलेला पंप मांडीवर गळला होता. लुंगी अंगावरच वाळली, तिच्यातच ते झोपले. संध्याकाळी डोकं गरगरतंय म्हणाले, तर भाभीनं चहा करून दिला.

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या.

"काय प्याले?"

"प्याले नाही साहेब, फुंकलं," भाभी म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी लुंगी कापून काढायला लावली, साबणानं अंग धुवायला लावलं. औषध कातडीतूनही आत जात राहतं, म्हणाले. भाभी ती लुंगी घडी घालून पिशवीत ठेवत होती. सिस्टरनं तिच्या हातातून काढून घेतली.

मग ॲट्रोपिनची इंजेक्शनं, छातीतली घरघर कमी होईपर्यंत एकामागून एक. त्यानं तोंड कोरडं पडलं आणि भ्रम सुरू झाला. डोळे छताला, आणि दोन्ही हातांची बोटं हवेत न दिसणारं नोझल फिरवत होती. पिळायची, काढायची, ओठांशी न्यायची. भाभी दर वेळी हात धरून खाली ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला ओळखलं. चहा मागितला. भाभीचा भाऊ वकार खूश झाला. "सुट्टी घेऊन टाकू. चांगले तं झाले! घरी जास्त आराम भेटन." डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितलं होतं, पण हा जीप घेऊनच आला होता.

मी कप ओठांपाशी नेला. "मान उचला ना, भाई."

"उचलून राह्यलो ना, ताई."

डोकं उशीवरच होतं. तसूभरही हललं नव्हतं.

मी कप ठेवला आणि सिस्टरकडे धावले. दुपारपर्यंत श्वास उथळ झाला, घशात नळी गेली, मशीन लागलं. विष असं परतून येतं, दोन-तीन दिवसांनी मानेवर, मग श्वासावर, असं डॉक्टर म्हणाले. जीप अमडापूरच्या वाटेवर असती तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वकार बाहेर पायरीवर बसून होता, जीपची किल्ली मुठीत.

अकरा दिवस मशीन. वाचले.

आता दोन महिने झाले. चालताना पाऊल घासतं, चप्पल मागे राहते. वॉशर बोटांत धरता येत नाही. कधी सुधारेल, किती सुधारेल, डॉक्टर सांगू शकत नाहीत. दुकानात भाभी बसते. रहेमतभाई तिथंच खाटेवरून सांगतात, ती उघडते, जोडते. नळीमुळे आवाज बसला तो बसलाच.

काल मी डबा घेऊन गेले. पुंजाजींनी पंप न धुता तसाच आणून ठेवला होता, उग्र वासाचा. भाभीनं नोझल काढलं, उजेडात धरलं आणि सहज ओठांकडे नेलं. रहेमतभाईंच्या घशातून नुसती हवा निघाली. मी तिचं मनगट पकडलं.

भाभी ओशाळली. "आदत हाय ताई. वीस वर्सं यायलेच असं करतानी पाह्यलं."

 रहेमतभाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक पाटी लिहून द्या दुकानाले. पंप धुऊन आणावा."