भिंत संपेपर्यंत

बाबूकाकांना जाऊन पाच आठवडे झाले, आणि अजून मी एका जागी धड बसू शकत नाही. शेवटचं भेटलो तेव्हा त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवला, पंजा डावी-उजवीकडे हलवला, मग डोळ्याला बोट लावून माझ्याकडे दाखवलं. मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येतोय. मी उठून पडदा ओढला. त्यांनी पुन्हा तेच केलं... "ओढला ना काका, झोपा आता," म्हणून मी निघालो. मला मीटिंग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचा फोन आला.

माझे हे सख्खे काका गिरणीत विणकर होते. सगळी नोकरी कापड विणायच्या साच्यांच्या धडधडाटात गेली, त्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज दुप्पट. गिरणी कधीच बंद पडली, तरी रविवारची सकाळ त्यांनी तिलाच देऊन टाकली होती. महाल भागातल्या आमच्या गल्लीतली आठ-दहा पोरं गोळा करायची आणि नाग नदीच्या काठाकाठानं न्यायची. पोरं नाक दाबायची. काका म्हणायचे, "आता वास येते, तवा रंग येत होता. रंगखात्यात लाल, का नदी लाल." पुढे गिरणीची उरलेली लांब भिंत लागे. तिथे नियम एकच, भिंत संपेपर्यंत तोंडानं बोलायचं नाही. आत साचे चालू आहेत असं समजायचं आणि त्या आवाजात विणकर एकमेकांशी बोलत तसं हातानं बोलायचं. धागा तुटला, पाणी दे, मुकादम येतोय... पोरांना सगळ्या खुणा पाठ. माझी जुई तर त्यात पटाईत. मी मागून फोनमध्ये डोकं घालून चालायचो. "काहून गा, तुले नाई शिकाचं?" ते विचारायचे. "पुढच्या रविवारी," मी म्हणायचो. असे किती रविवार घालवले, आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तेरवीनंतर न राहवून मी जुईसमोर ती खूण करून दाखवली. ती लगेच म्हणाली, "बाबा, हे तर एकदम सोपं आहे. 'माझा साचा पाहजो, मी येतोच.' बाहेर जाताना विणकर बाजूवाल्याले असं सांगून जाते."

आणि मी पडदा ओढला होता. माणूस मला काहीतरी सोपवत होता आणि मी त्याचा उजेड बंद करून मीटिंगला गेलो. हे मला छळतं. छळायलाच हवं.

परवाच्या रविवारी पोरं गल्लीच्या तोंडाशी उभीच होती. कोणी बोलावलं नव्हतं. मी चप्पल घातली आणि निघालो. रंगखातं नेमकं कुठे होतं, असं एकीनं विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. भिंत आली तशी सगळी गप्प झाली. जुईनं हातानं काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिनं पुन्हा केलं, या वेळी सावकाश. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. खिशात फोन वाजायला लागला... एवढे साचे चालू असताना तो कुठला ऐकू येणार.