सुहासने नेलेलं गाव

सुहास गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं एकामागून एक येत होती, आणि नक्की कोण गेलं ते शोधायला मला बोटाने बराच वेळ वर सरकवत जावं लागलं. इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या गोदामात मी पाइपांचा ट्रक उतरवून घेत होतो. नाव वाचलं आणि तिथेच एका पेटीवर बसलो. हार्ट अटॅक, घरीच, चहा पिता पिता. फोरमन म्हणाला, घरी जा, तर मी म्हटलं, आधी ट्रक रिकामा होऊ दे. संध्याकाळी मात्र रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, या माणसाला काळीज आहे की नाही.

आमची ओळख तीस वर्षांच्या वरची. आखातात आलो तेव्हा आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच खोलीत चार जणांत राहायचो. तो देवगडचा, मी नाशिकचा. पहाटे कंपनीची बस आम्हाला साइटवर न्यायची, दीड तास. एसी नावाला, खिडक्यांना धुळीचा थर, बाहेर बघायला काही नाही आणि असतं तरी दिसलं नसतं. सुहास बोलघेवडा, बसभर त्याचा आवाज. पण माझ्या शेजारी बसला की गप्प बसून ऐकायचा, आणि असा ऐकायचा की माणूस बोलतच जायचा. मी मुळात घुम्या. आमच्या आईच्या भाषेत, याच्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते. तर अशा माणसाने त्या बसमध्ये सुहासला, हप्त्याहप्त्याने, आपली तीन वर्षं सांगून टाकली.

ती तीन वर्षं इंग्लंडची. लंडन वगैरे नाही, उत्तरेकडचं एक गिरणीचं गाव, टेकडीच्या उतारावर एकाला एक चिकटलेली काळपट दगडी घरं. एकविसाव्या वर्षी मी तिथे शिकायला गेलो आणि पहिल्याच वर्षी सपशेल नापास झालो. मग कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागलो. घरी काही कळवलं नाही. आणि खरं सांगू, इतका सुखी मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही नाही. सकाळी दाराशी दुधाच्या बाटल्या असायच्या, तोंडाला चंदेरी कागद. थंडीत दूध गोठून साय कागदासकट वर यायची आणि चिमणीएवढे निळे पक्षी तो कागद फाडून ती खाऊन जायचे. सोमवारी धुणं. मागच्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि कोळशाची गाडी आली की बायका धावत येऊन चादरी वर उचलून धरायच्या. बुधवारी दुपारी सगळी दुकानं बंद, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बेकरीत शनिवारी रांग लागायची. चाकांच्या कापडी पिशव्या ओढत म्हाताऱ्या यायच्या आणि मला ‘लव्ह’ म्हणायच्या. पहिला आठवडाभर माझे कान लाल, मग कळलं की त्या बस कंडक्टरलाही लव्हच म्हणतात. मी मिसेस डॉब्सन नावाच्या विधवेकडे राहायचो. त्यांची एक म्हातारी कुत्री होती. दिवाळीच्या दिवशी घरची आठवण अनावर झाली म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बाईंच्या पाया पडायला वाकलो. बाईंना वाटलं माझं काहीतरी पडलंय, म्हणून त्याही शोधायला वाकल्या. डोक्याला डोकं असं आपटलं की दोघं तिथेच फरशीवर बसलो. मग त्यांनी विचारलं, सापडलं का?

बसमध्ये हे ऐकून सुहास इतका हसला की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मी त्याला बजावलं होतं, हे कुणाला सांगू नकोस, नापास झाल्याचं तर नाहीच नाही, माझं नाव कुठे यायला नको. तो म्हणाला, ‘‘तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आईशप्पथ.’’ माझ्या लग्नाच्या वेळीही आईने ‘परदेशात सहा महिने ट्रेनिंग’ एवढंच सांगितलं होतं, आणि तेच घरात रूढ झालं. बायकोलाही मी त्यापुढे काही सांगितलं नाही. आठ वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तेही राहूनच गेलं.

पुढे आमच्या फॅमिल्या आल्या, आम्ही दोघंही अल मन्सूरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायला लागलो. इथली मुलं इंग्रजी शाळेत जातात. आपण मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात. माझी मुक्ता त्यातलीच. म्हणून सुहासने दर शुक्रवारी सकाळी आपल्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग सुरू केला. पुस्तक-बिस्तक नाही, फक्त गोष्टी सांगायचा आणि मुलांकडून सांगून घ्यायचा. आठ वर्षं मी मुक्ताला त्याच्या बिल्डिंगच्या दाराशी सोडलं आणि भाजी आणायला गेलो. एकदाही जिना चढलो नाही. ‘काय शिकवलं?’ विचारलं की ती म्हणायची, ‘‘स्टोरीज, बाबा.’’ मला वाटायचं, देवगडच्या असतील... भुताखेतांच्या, माशांच्या.

सुनंदावहिनी देवगडला दिवसकार्य करून मुलाबरोबर परत आल्या, तेव्हा मंडळाने त्यांच्याच हॉलमध्ये शोकसभा घेतली. दोन-तीन जण रीतसर बोलले. मग मुक्ता उठली. आता ती सव्वीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. मला वाटलं, इंग्रजीत काहीतरी आभाराचं बोलेल. ती मराठीत बोलायला लागली. असं मराठी ती माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. म्हणाली, ‘‘सुहासकाका तरुणपणी इंग्लंडला एका लहान गावात राहायचे. तिथे थंडीत दुधाची साय बाटलीच्या बाहेर यायची...’’ मी आधी नीट ऐकलंच नाही. नंतर ऐकलं. धुण्याच्या दोऱ्या आल्या, कोळशाची गाडी आली, लव्ह म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आल्या. ‘‘आणि काका पाया पडायला वाकले, तर मिसेस डॉब्सनपण वाकल्या...’’ तिने डोकं आपटल्याचा अभिनय केला आणि शोकसभा हसली. वर्गातून गेलेली मुलं, आता चांगली मोठी झालेली, एका सुरात म्हणाली, ‘‘सापडलं का?’’

सुहासने उभ्या आयुष्यात इंग्लंडचं विमानतळही पाहिलं नव्हतं.

मी उठून बाहेर जिन्यात गेलो. वहिनी मागून आल्या. बाईचा नवरा जाऊन महिना झाला होता, तिला काय बोलणार? पण माझा चेहरा लपत नाही. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘भावजी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. हे म्हणायचे, त्याने मला देऊन टाकलंय. नाव घेऊ नको म्हणालाय, म्हणून मी माझंच म्हणून सांगतो.’’ आता काय म्हणायचं याला. नाव घेऊ नको म्हणजे स्वतःचं लाव, असा अर्थ कुठल्या शाळेत शिकवतात? शपथ त्याने मोडली नाही, हे खरंच. शपथ पाळून त्याने माझं घर धुऊन नेलं.

वाचणाऱ्याला वाटेल, गोष्टीच तर आहेत, त्यासाठी मेलेल्या मित्रावर काय रुसायचं. पण माझ्याकडे दुसरं काय होतं हो? गोदामात तीस वर्षं पाइप मोजणाऱ्या माणसाकडे मुलीला सांगण्यासारखं एवढं एकच होतं. तेही मी लाजेपायी दडवून ठेवलं, आणि जिला सांगायचं तिला ते दुसऱ्याचं म्हणून मिळालं. तिचं मराठीही त्याच्याच तोंडचं. तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती, आणि तो हसला असता, हे मला माहीत आहे, म्हणून आणखी राग येतो.

दोन आठवडे गप्प राहिलो. मग एका शनिवारी दुपारी जेवताना मुक्ताला म्हटलं, ‘‘ते गाव काकाचं नव्हतं. तिथे मी होतो.’’ तिने घास खाली ठेवला. ‘‘बाबा, प्लीज. नॉट नाऊ.’’ मी म्हटलं, खरंच मीच होतो. ती म्हणाली, ‘‘यू वेअर देअर फॉर सिक्स मन्थ्स. ट्रेनिंग. तुम्हीच सांगितलंय.’’ मग, वकिलाने विचारावं तसं, ‘‘कुत्रीचं नाव काय होतं?’’ आणि मला आठवेना. कान आठवले, दाराशी पडून राहायची ती जागा आठवली. नाव नाही. ‘‘मॉली,’’ मुक्ता म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काकाच्या ताटातलं उचलतोय.

मी म्हटलं, ‘‘बरं, मग शेवट काय सांगायचा तो?’’ तिचा आवाज जरा मऊ झाला. म्हणाली, तोच भाग तिला सगळ्यात आवडायचा. काका नापास झाले तेव्हा त्यांनी घाबरत घाबरत वडिलांना पत्र लिहून सगळं खरं सांगितलं, आणि वडिलांनी उलट लिहिलं, पाव चांगला भाज म्हणजे झालं.

मी म्हटलं, ‘‘पत्र लिहिलं नव्हतं, मुक्ता. दर महिन्याला मी अभ्यास चालू आहे असं लिहीत होतो. तिसऱ्या हिवाळ्यात नाना गेल्याची तार आली. ते शेवटपर्यंत गल्लीत सांगत होते की मुलगा विलायतेत इंजिनियर होतोय. काकाला हे माहीत होतं. बसमध्ये मी त्याला हेही सांगितलं होतं.’’ असलं कुणी उगाच स्वतःच्या अंगावर घेत नाही, एवढं तिला कळत असावं. मग म्हणाली, ‘‘शुक्रवारचा वर्ग आता मी घेतेय. पोरं तेच मागतात. तुम्ही या. तुम्हीच सांगा.’’

म्हणून मागच्या शुक्रवारी मी तो जिना चढलो. हॉलमध्ये दहा-बारा मुलं सतरंजीवर बसली होती. सुहासची वेताची खुर्ची खिडकीशी तशीच, पाठीवर त्याचा टॉवेल. वहिनी म्हणाल्या, बसा, तर मी दिवाणावर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांसमोर बोलत होतो, लहान का असेनात. आधी सांगितलं की हे सगळं माझं आहे, काका माझ्यासाठी सांभाळत होते. हे असं का म्हणालो कोण जाणे, ठरवलं तर वेगळंच होतं. मग बाटल्या, दोऱ्या, म्हाताऱ्या... मुलं हसली, पण बेताची. आणि शेवटाला आल्यावर मी म्हटलं, मी नापास झालो आणि वडिलांना कळवलंच नाही.

पुढे बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, ‘‘नो अंकल, यू आर टेलिंग इट राँग. पत्र लिहिलं होतं.’’ मी म्हटलं, नव्हतं लिहिलं बाळा. ती खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘काकांनी सांगितलंय. वडील म्हणाले, पाव चांगला भाज.’’ आणि सगळी मुलं माना डोलवायला लागली.

मी मुक्ताकडे पाहिलं. ती खाली बघत होती. सुहास, तीस वर्षांत तुझा इतका राग मला कधी आला नव्हता. कारण त्या पोरांच्या चेहऱ्यांकडे बघता बघता नानांचं ते अक्षर मला दिसलं, निळ्या शाईतलं, आणि मी म्हणालो, हो, लिहिलं होतं.