आमची साखळी पळवली गेली तो रविवार

दादांचा फोन आला तेव्हा मी नवीन पनवेलच्या आमच्या घरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते. दादा म्हणजे उरणकडच्या एका गावातले ट्रेलरमालक. घरची शेती आणि मिठागरं सरकारी भूसंपादनात गेली, मग ते गाड्यांच्या धंद्यात उतरले आणि न्हावा शेवा बंदरातून कंटेनर ओढता ओढता त्यात मुरले. ते उगाच फोन करणारे नव्हेत.

"बाय, माझी नाणी गेली."

"गेली म्हणजे? कुणाला पाठवलीत का?"

"मी कोनाला नाय पाठवली. सकाली आलेली, डोल्यानी बघितली. आता नाय."

ही नाणी आम्ही काढली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघी आयटीत नोकरी करतो. दादांसारख्या मालकांमध्ये एक रीत आहे. एकाची गाडी रस्त्यात बंद पडली की दुसरा आपली गाडी पाठवून त्याचा कंटेनर वेळेत पोचवतो. पण कोणी कोणासाठी किती वेळा धावलं यावरून रुसवेफुगवे होत. म्हणून आम्ही त्यांच्यापुरतं एक छोटं क्रिप्टो नाणं बनवलं. मदत केलीत की नाणं मिळालं, मदत हवी असेल तर नाणं द्या. मध्ये बँक नाही, कोणी मालक नाही. प्रत्येक सभासदाच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर सगळ्या व्यवहारांची तीच नक्कल. या कॉम्प्युटरला नोड म्हणतात. आमचे नोड असतील दहा-बारा.

व्यवहारांचा गठ्ठा बांधला की ब्लॉक होतो, ब्लॉकला ब्लॉक जोडून साखळी वाढते. ब्लॉक बांधायला कॉम्प्युटरला घाम फुटेल इतकी आकडेमोड करावी लागते. आणि कधी दोन साखळ्या समोरासमोर आल्या, तर जिच्यात जास्त आकडेमोड ओतलेली आहे ती खरी मानायची. जगातल्या मोठ्या नाण्यांचा कोड आम्ही उचलून आपलासा केला होता, त्यामुळे नियमही तोच.

मी गॅस बंद केला आणि लॅपटॉप उघडला. पहाटेपासूनचे सगळे ब्लॉक बदललेले होते! आमच्या लोकांचे व्यवहार असलेले ब्लॉक बाजूला फेकले गेले होते आणि त्यांच्या जागी रिकामे ब्लॉक धडाधड येऊन बसत होते. आमची सगळी ऑफिसं मिळूनसुद्धा तो वेग गाठता आला नसता.

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती. पण माझ्या छातीत जे धडधडत होतं ते काही वेगळंच होतं. अशा हल्ल्याबद्दल मी वर्षानुवर्षं फक्त वाचत आले होते. वादळ चित्रात बघणाऱ्या माणसाच्या अंगणात एके दिवशी खरंच वादळ यावं, तसं झालं. मी मैत्रिणीला फोन लावला आणि नुसतं म्हटलं, "ये. आपली साखळी कोणीतरी उलटवलीय."

ती केस ओले असतानाच स्कूटरवरून आली. सोफ्यावर मांडी ठोकून बसली आणि दुसऱ्या बाजूने शोधायला लागली. थोड्याच वेळात ओरडली, "सापडलं! अगं, आपलं नाणं बाजारात विकायला आहे."

परदेशातल्या कुठल्यातरी छोट्या ऑनलाइन बाजाराने आम्हाला न विचारताच आमचं नाणं यादीत घातलं होतं. त्यांच्या लेखी ते आणखी एक फुटकळ नाणं, बाकी काही नाही. पण त्यामुळे चोराला वाट मिळाली. ब्लॉक बांधणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळणारी आमची नाणी त्याने आधी जमवली, ती तिथे विकली आणि बदल्यात दुसरं चलन घेऊन तो निघून गेला. त्याच वेळी भाड्याने घेतलेल्या मशीनवर तो गुपचूप आमचीच दुसरी, जास्त मेहनतीची साखळी बांधत होता. तिच्यात त्याने ती नाणी कधी दिलीच नव्हती. मग ती साखळी त्याने आमच्या नोडांसमोर टाकली आणि आमच्या नोडांनी नियमाप्रमाणे मान डोलावली. कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता, कुठलंही कुलूप फोडलं नव्हतं. आमच्याच नियमाचा हात धरून तो आत आला होता.

"आपली पूर्ण साखळी उलटवण्याइतकी ताकद भाड्याने मिळते, तीसुद्धा एका जेवणाच्या बिलात," मैत्रीण म्हणाली. "लहान असणं हाच आपला रोग आहे गं."

तेवढ्यात आमच्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. खाली माझं नाव, माझा फोटो. 'नाणी परत मिळवण्यासाठी ताबडतोब हे अपडेट टाका,' आणि एक लिंक. तो मी पाठवला नव्हता! हे कोणी दुसरंच गिधाड होतं की तोच चोर, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मी ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "कोणीही काहीही दाबू नका. तो मेसेज माझा नाही. सगळे दादांच्या ऑफिसात या, समोरासमोर बोलू."

दादांचं ऑफिस कळंबोलीला, कंटेनर यार्डाच्या कडेला, एका जुन्या कंटेनरलाच खिडक्या पाडून केलेलं. आम्ही पोचलो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मालक, त्यांचे भाऊ, हिशेब बघणाऱ्या दोन सुना, सगळे एकदम बोलत होते. मी टेबलावर हात आपटला आणि काय झालंय ते जसं इथे सांगितलं तसंच सांगितलं.

"मंग आता काय करायचा?" दादांनी विचारलं.

माझ्याकडे एक उपाय होता. काही महिन्यांपूर्वी मी गंमत म्हणून एक बदल लिहून ठेवला होता. त्यात नुसती आकडेमोड पुरत नाही. ब्लॉकवर आपल्यापैकी एखाद्या सभासदाचा शिक्का लागतो. हा शिक्का उमटतो त्याच्याच कॉम्प्युटरवर बनलेल्या गुप्त किल्लीने. जगातली सगळी मशीन भाड्याने आणली तरी तो शिक्का कुठून आणणार? पहाटेच्या खऱ्या ब्लॉकपाशी परत जायचं, आपले फेकले गेलेले ब्लॉक पुन्हा जोडायचे आणि तिथून पुढे शिक्क्यानेच चालायचं.

सगळे खूश झाले. एकटी माझी मैत्रीण उभी राहिली.

"मला पटत नाही," ती म्हणाली. "चोराने इतिहास बदलला, म्हणून आपणही बदलायचा? आणि कोणीही यावं, कोणाची परवानगी नको, म्हणून तर हे बनवलं. शिक्के वाटले की ही हाउसिंग सोसायटी झाली. अध्यक्ष, सेक्रेटरी, एनओसी!"

लोक हसले, पण ती हसत नव्हती. मीही हसू शकले नाही, कारण तिचं म्हणणं चूक नव्हतं. दादा म्हणाले, "पन मी सकाली गाडी पाठवली ती पाठवली ना? ड्रायव्हर गेला, कंटेनर पोचला. ता पुसून कसा चालंल?"

ती कपाळाला हात लावून येरझारा घालायला लागली. त्या अरुंद कंटेनरात तिच्यासाठी लोक भिंतीला चिकटून उभे राहिले. आणि मग ती थांबली. तिचे डोळे चमकले. "ठीक आहे. पण शिक्क्याचा नियम आपोआप मेला पाहिजे. कोडमध्येच लिही. काही महिन्यांनी तो संपणार. हवा असेल तर पुन्हा सगळ्यांनी एकत्र येऊन हात वर करायचे. आणि नवीन माणसाला दोन सभासदांनी ओळख दिली की त्याला शिक्का द्यायचाच. नाही म्हणायची सोय नको."

मी तिला तिथेच मिठी मारली. इतका सुंदर तोडगा मला शंभर वर्षांत सुचला नसता. सगळ्यांचे हात वर गेले.

मग जी धांदल उडाली! मी दादांच्या खुर्चीत बसून कोड दुरुस्त करत होते, मैत्रीण माझ्या खांद्यावरून प्रत्येक ओळ वाचत होती, शिव्या घालत होती, चुका पकडत होती. कोणीतरी वडापाव आणले, ते कीबोर्डशेजारी थंड झाले. आम्ही दोन लॅपटॉपवर खोटा हल्ला करून बघितला. पहिल्या खेपेला आमचा बदल सपशेल पडला. नोड बंद करून चालू केला की जुना नियम परत येत होता. दुसऱ्या खेपेला टिकला. मग पेन ड्राइव्हवर कॉपी करून माणसं आपापल्या ऑफिसांकडे पांगली. लिंक कोणालाच पाठवायची नाही, हाताने न्यायचं, हे ठरलंच होतं. प्रत्येकाने शिक्का बनवला की फोनवरून त्याच्या उघड खुणेची, गुप्त किल्लीची नव्हे, शेवटची अक्षरं मोठ्याने वाचायची. दादांची सून "बी फॉर बटाटा, डी फॉर डिझेल" असं खणखणीत वाचत होती आणि मी लिहून घेत होते.

एकच नोड उरला. नेऱ्याच्या बाजूला, डोंगराखाली, एका निवृत्त कस्टम क्लिअरिंग एजंटच्या फार्महाउसवर. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांचा नोड सर्वांत महत्त्वाचा, कारण बंद पडून पुन्हा चालू झालेला कोणताही कॉम्प्युटर सगळ्यात आधी काकांच्या नोडला विचारतो, 'बाकीचे कुठे आहेत?' तो नोड चोराच्या साखळीवर राहिला असता, तर तो सगळ्यांना तिकडेच धाडत बसला असता. आणि काकांनी फोनवर सरळ सांगितलं, "मी आज कोणाचंच काही टाकणार नाही."

दादांनी गाडी काढली; मैत्रीण साखळीवर लक्ष ठेवायला कळंबोलीलाच थांबली. सुकापूर मागे पडलं, भाताची रिकामी शेतं लागली, समोर प्रबळगड उभा. दादा गाडी अशी हाणत होते की मी दार घट्ट धरून बसले होते, आणि तरी मनात म्हणत होते, अजून जोरात.

काका अंगणात मिरच्यांना पाणी घालत होते. पेन ड्राइव्ह हातात न घेता म्हणाले, "मुली, सकाळी तुझ्या नावाने एक अपडेट आलं, ते खोटं निघालं. आता तू दुसरं घेऊन आलीस. हे खरं कशावरून?"

"मी स्वतः आले ना, काका."

"तू खरी आहेस. पेन ड्राइव्ह खरा आहे का? तुझ्या लॅपटॉपमध्येच कोणी घुसलं असेल तर?"

दादा चिडले. "काका, वेल जातंय!"

पण मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवायला नकार दिला होता, आणि आमच्या या सगळ्या उद्योगाचा पायाच तो होता: कोणावरही नुसत्या शब्दाने विश्वास ठेवू नका. मी काकांच्या ओट्यावर बसले. जुना कोड आणि नवा कोड शेजारीशेजारी उघडला. काय काढलं, काय घातलं, का घातलं, ओळ न ओळ समजावून सांगितली. काका अधूनमधून चष्मा वर करून विचारत, "आणि ही किल्ली माझ्या कॉम्प्युटरबाहेर जाते का?" नाही, काका. "आणि हे संपतं केव्हा?" ही बघा ओळ. मग त्यांनी माझा पेन ड्राइव्ह बाजूला ठेवला आणि माझ्याकडून त्या ओळी वाचून घेत स्वतः टाइप केल्या, एका बोटाने. दादा अंगणात फेऱ्या मारत होते.

सूर्य मावळायच्या आत आम्ही तयार होतो. दादांनी सगळ्यांना एका कॉलवर घेतलं, फोन स्पीकरवर ठेवला आणि आरोळी ठोकली, "सगल्यांनी एकदम! दाबा!"

स्क्रीनवर नोड एकेक करून बंद पडले, पुन्हा उगवले. साखळी मागे सरकली, पहाटेच्या शेवटच्या खऱ्या ब्लॉकपाशी थांबली आणि बाजूला फेकलेले आमचे ब्लॉक परत येऊन बसले. मग पहिला शिक्क्याचा ब्लॉक आला. तो काकांचा होता! फोनमधून टाळ्या ऐकू येत असतानाच मैत्रीण कळंबोलीहून ओरडली, "गप्प बसा, तो परत येतोय!"

चोराची साखळी पुन्हा आमच्यावर आदळली. आमच्यापेक्षा कितीतरी लांब, कितीतरी मेहनतीची. काकांच्या स्क्रीनवर ओळ आली: नाकारला. पुन्हा: नाकारला. मग ओळींचा नुसता पाऊस. दादा प्रत्येक ओळीला मांडीवर थाप मारत मोठ्याने हसत होते, आणि मी ओट्यावर उभी राहून काय ओरडत होते ते मला आता आठवत नाही. बऱ्याच वेळाने त्या ओळी विरळ झाल्या आणि थांबल्या.

"नाणी आली का दादा?" मी विचारलं.

त्यांनी फोन बघितला, माझ्यापुढे धरला. "आली."

त्या बाजाराने आमचं नाणं नंतर यादीतून काढून टाकलं. आम्ही त्यांना काय घडलं ते लिहून कळवलं होतं. उत्तर आलं नाही. चोर कोण, कुठला, काही समजलं नाही. काही महिन्यांनी नियम संपायची वेळ आली तेव्हा सगळे पुन्हा जमले. तोवर दोन नवे सभासद आले होते. हात वर करून नियम वाढवला, तो पुन्हा ठरावीक काळापुरताच, आणि विरोधात एकच मत पडलं, माझ्या मैत्रिणीचं. ते तिने आनंदाने दिलं.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकांच्या शेजाऱ्यांनी वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती, मडक्यात पाला घालून जाळावर भाजायची. मैत्रीण आणि आणखी काही जण कळंबोलीहून गाड्या भरून आले. मडकं उपडं केल्यावर भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अंगणभर पसरला आणि चटके बसत असताना आम्ही शेंगा सोलायला लागलो. मैत्रीण तोंडात घास असतानाच मला म्हणाली, "शिक्का चोरीला गेला तर काय करायचं, विचार केलायस?"

"नाही," मी म्हटलं, आणि बोटं पुसून लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला.